सर्जिकलच्या दुकानातला प्रेशर सेन्सर आणि आमची मायक्रोफ्लुइडिक लाइन

मायक्रोफ्लुइडिक चिपच्या, म्हणजे केसासारख्या बारीक वाटांतून द्रव वाहवणाऱ्या चिपच्या, लायनीत दाब मोजायचा आहे आणि परदेशी सेन्सरचं कोटेशन बघून डोळे पांढरे झाले आहेत, अशांसाठी हे लिहिते आहे. तुम्ही पाणी, बफर किंवा पातळ जलीय द्रावण वापरत असाल आणि दाब ४०० मिलिबारच्या आत राहत असेल, तर अतिदक्षता विभागात रुग्णाच्या धमनीतला रक्तदाब सलग मोजायला जो डिस्पोजेबल ट्रान्सड्यूसर (दाबाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारा सेन्सर) लावतात, तो घ्या. नवा, सीलबंद पाकिटातला, सर्जिकलच्या दुकानातून. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत आमची छोटी लॅब आहे, तपासणीच्या किटसाठी चिप करून बघणं हे आमचं रोजचं काम. तिथे हा सेन्सर आता रुळला आहे. त्याच्या मर्यादाही कळल्या आहेत, त्या पुढे सांगतेच.

आधी सेन्सर लागतो कशाला ते बोलू, कारण हा प्रश्न मला पैसे मंजूर करणाऱ्यांनीही विचारला होता. सिरिंज पंपाच्या पडद्यावर मिनिटाला १० मायक्रोलिटर असं दिसतं, तेव्हा तो फक्त दट्ट्या किती सरकवायचा आहे ते सांगत असतो. पुढे चिप तुंबली आहे, नळी निसटली आहे की फुगा अडकला आहे, त्याला काही पत्ता नसतो. चिप तुंबली तरी मोटर ढकलतच राहते. मग एक तर फिटिंग उडतं, नाहीतर पीडीएमएस (चिपचं सिलिकॉन रबर) काचेपासून सुटतं. प्लाझ्माने चिकटवलेल्या चिपवर दोन-तीन बारच्या पुढे मी तरी भरवसा ठेवत नाही. आणि एका चिपमागे मास्टर (म्हणजे साचा), ओतकाम, भाजणं, पंचिंग, बाँडिंग असे दोन दिवस सहज जातात.

दाब किती असायला हवा हे हिशेबाने आधी काढता येतं, आणि ते काढावंच. चॅनल २०० मायक्रोन रुंद, ५० मायक्रोन उंच आणि २ सेंटिमीटर लांब आहे असं धरा. खोलीच्या तापमानाचं पाणी मिनिटाला १० मायक्रोलिटर सोडलं तर चिपच्या दोन टोकांमधला फरक साधारण १९ मिलिबार येतो, म्हणजे पाऱ्याचे १४ मिलिमीटर. आता हाच चॅनल ५० ऐवजी ४० मायक्रोन उंच झाला, तर दाब जवळपास दुप्पट होतो, कारण विरोध उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणून नवीन चिप आली की आम्ही पहिल्यांदा तिच्यातून नुसतं पाणी सोडतो आणि दाब बघतो. १९ च्या जागी ३५ दिसले की चिप कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या आधीच कळतं की मास्टरची उंची हुकली आहे. सेन्सरचा हा उपयोग कुठल्याच माहितीपत्रकात ठळक छापलेला मला दिसला नाही. माझ्या लेखी तो सगळ्यात मोठा आहे.

बाजारात काय मिळतं ते थोडक्यात सांगते. एलव्हफ्लो, फ्लुइजंट, लॅबस्मिथ ह्या कंपन्या खास ह्याच कामासाठी लायनीत बसणारे सेन्सर करतात. पोकळी अगदी लहान, फिटिंग नेमकी, सॉफ्टवेअर तयार. ज्यांचं नमुन्याचं द्रावण थेंबाथेंबाने मोजून वापरायचं आहे आणि ज्यांच्याकडे अनुदान आहे, त्यांनी खुशाल तेच घ्यावेत. आम्हाला एका विक्रेत्याने सेन्सर आणि रीडर मिळून लाखाच्या पुढचं कोटेशन दिलं, वर माल यायला तीन महिने. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र सोबत येईल का, ह्या प्रश्नाला फोनवर दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. तिथे मी थांबले. आम्हाला एक नव्हे, चार-पाच लायनी मोजायच्या होत्या.

हॉस्पिटलचा ट्रान्सड्यूसर सुचवला माझ्या वहिनीने. ती आयसीयूत नर्स आहे. चिपचा दाब ‘पाऱ्याचे मिलिमीटर’ ह्या भाषेत मी सांगितला तेव्हा ती म्हणाली, “अहो ताई, हे तर आम्ही दिवसभर बघतो. आमच्या आर्टरी लायनीत हाच आकडा असतो.” ह्या ट्रान्सड्यूसरांची मोजण्याची कक्षा साधारण उणे ३० पासून ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असते. ३०० मिलिमीटर म्हणजे ४०० मिलिबार. आमचं नव्वद टक्के काम त्यातच बसतं. हा योगायोग म्हणावा तर तसाही नाही. अरुंद नळीतून द्रव किती दाबाने किती वाहतो ह्याचा नियम ज्याच्या नावाने आपण लावतो तो प्वाझेय पेशाने डॉक्टरच होता. १८२८ साली त्याने धमनीतला रक्तदाब पाऱ्याच्या यू नळीने मोजला आणि पुढे काचेच्या केसासारख्या नळ्यांवर प्रयोग केले. रक्ताचा दाब आणि चिपमधला दाब हे एकाच घराण्यातले.

सयाजी हॉस्पिटलच्या बाजूला सर्जिकलच्या दुकानांची रांग आहे. तिथल्या एका दुकानात मी ट्रान्सड्यूसर मागितला तर काउंटरवरच्या काकांनी पहिला प्रश्न केला, “बेन, मॉनिटर कयुं छे?” (मॉनिटर कुठला आहे?) मॉनिटर नाही, लॅबसाठी हवा आहे म्हटल्यावर त्यांनी तीन वेगवेगळ्या कंपन्यांची पाकिटं पुढे मांडली. प्रश्न अगदी बरोबर होता. प्रत्येक कंपनीचा कनेक्टर वेगळा असतो आणि मॉनिटरला जोडायची केबल सेन्सरपेक्षा महाग पडते. मी पाकिटावरून कनेक्टर बघून असा निवडला, ज्याच्या चार पिना मल्टिमीटरने नीट ओळखता येतील. हजाराच्या आसपास एक नग पडला. घेताना एवढं सांभाळा : एकदा वापरलेले ट्रान्सड्यूसर कुणी फुकट देऊ केले तरी घेऊ नका. ते २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत येतात, त्यांची विल्हेवाट त्याच वाटेने लागली पाहिजे.

पाकीट उघडल्यावर हातात येतो तो पारदर्शक प्लास्टिकचा बोटभर तुकडा. एका बाजूला तीन वाटांची तोटी, दुसऱ्या बाजूला फ्लशची यंत्रणा आणि ओढायची रबरी शेपटी, मधे चपट्या पोकळीत सिलिकॉनचा चिमुकला दाबमापक, त्याच्यावर मऊ जेलचा थर. फ्लशची बाजू नीट समजून घ्या. हॉस्पिटलात तिथे ३०० मिलिमीटर पाऱ्याला फुगवलेल्या पिशवीतून सलाइन येतं आणि आतली बारीक केशनळी ते ताशी साधारण ३ मिलिलिटरवर आवरून धरते. म्हणजे ती केशनळी स्वतःच एक मोठा विरोध आहे. तुमचा प्रवाह त्या बाजूने आत घेतलात तर चिपऐवजी तुम्ही केशनळी मोजत बसाल. म्हणून आम्ही तोटीच्या बाजूने जोडतो : पंपाकडून येणारी नळी आणि चिपकडे जाणारी नळी तोटीच्या दोन वाटांना, ट्रान्सड्यूसर तिसऱ्या वाटेला. फ्लशची बाजू पाण्याने भरून टोपणाने बंद. काटेकोर अर्थाने हा सेन्सर लायनीत नाही, लायनीला टेकलेला आहे. पण फांदीत प्रवाह नसल्याने तिथे दाब पडत नाही, आकडा तोच येतो. तोटा असा की फांदीतलं द्रावण आपोआप बदलत नाही. नमुना बदलताना रंग किंवा मीठ मागे राहतं आणि हळूहळू मुख्य प्रवाहात झिरपतं. नमुने सारखे बदलायचे असतील तर आरपार वाहणारा सेन्सरच घ्यावा. फ्लशशिवायचा ट्रान्सड्यूसर मिळाला तर तोही आरपार जोडता येतो, फक्त तो दुकानात दर वेळी नसतो.

आता इलेक्ट्रॉनिक्स. ह्या सगळ्या ट्रान्सड्यूसरांची संवेदनशीलता एकच ठरलेली आहे : एक मिलिमीटर पाऱ्याला, दर व्होल्ट एक्साइटेशनमागे (सेन्सरला आपण देतो त्या व्होल्टेजमागे), ५ मायक्रोव्होल्ट. म्हणून कंपनी बदलली तरी गणित बदलत नाही, नग बिघडला की दुसरा लावून पुढे चालायचं. वजनकाट्यात वापरतात ते एचएक्स७११ चं, बारीक व्होल्टेज वाढवून आकड्यात बदलणारं हिरवं मॉड्यूल रावपुऱ्यात शंभर-दीडशे रुपयांत मिळालं. ते ब्रिजला, म्हणजे सेन्सरच्या आतल्या सर्किटला, साधारण ४.३ व्होल्ट देतं. म्हणजे ३०० मिलिमीटरला साडेसहा मिलिव्होल्टच्या आतबाहेर, आणि १२८ च्या गेनला (१२८ पट वाढवताना) मॉड्यूल साधारण १७ मिलिव्होल्टपर्यंत घेतं. आरामात बसतं. पुढे अर्ड्युइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि लॅपटॉप. पाव मिलिमीटर पाऱ्याचा बदलसुद्धा आलेखावर स्वच्छ दिसतो. मॉड्यूल जसं येतं तसं ते सेकंदाला १० वेळाच मोजतं, त्यामुळे एकेका थेंबाचा ठोका बघायची हौस असेल तर हा मार्ग नाही. तारा मात्र पीळ घालून, आखूड ठेवून, शिल्डसकट जोडा. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की उघड्या तारांवर ते उमटतं.

कॅलिब्रेशनसाठी आम्ही बाहेर कुठे गेलो नाही. लॅबच्या जिन्याच्या कठड्याला पारदर्शक नळी बांधली, बाजूला मोजपट्टी, खाली ट्रान्सड्यूसर. पाण्याचा एक मीटर म्हणजे ९८ मिलिबार, पाऱ्याचे साडेत्र्याहत्तर मिलिमीटर. दर अर्ध्या मीटरला आकडा लिहून घ्यायचा, चढताना आणि उतरतानाही. तीन मीटरपर्यंत रेघ सरळ आली आणि दोन्ही फेऱ्यांचे ठिपके एकमेकांवर पडले. कुठल्याही छापील प्रमाणपत्रापेक्षा मला ह्या रेघेचा विश्वास जास्त वाटतो, कारण ती आमच्या मॉड्यूलसकट, आमच्या केबलसकट काढलेली आहे. नवीन ट्रान्सड्यूसर लावला की पुन्हा जिन्यावर.

सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं ते उंचीकडे. वहिनीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “पेशंटचा पलंग वर केला की ट्रान्सड्यूसर पण वर घ्यावा लागतो, नाहीतर आकडा खोटा येतो.” आयसीयूत सेन्सर हृदयाच्या पातळीला ठेवतात, तोटी हवेकडे उघडून झिरो करतात, मग रुग्णाकडे वळवतात. चिपचंही तसंच. सेन्सर चिपपेक्षा १० सेंटिमीटर खाली राहिला तर जवळपास १० मिलिबार फुकटचे वाढतात. जिथे खरा आकडाच १९ आहे तिथे ही चूक केवढी, बघा. आम्ही सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजला एक ॲल्युमिनियमची पट्टी लावून सेन्सर तिच्यावर पक्का केला आहे, चिपच्या बरोबर पातळीला. दिवसाच्या सुरुवातीला तोटी उघडून झिरो, मगच पंप.

दुसरी गोष्ट नळीची. पंपापासून चिपपर्यंत मीटरभर नळी जाते. आतला व्यास अर्धा मिलिमीटर असेल तर मिनिटाला १० मायक्रोलिटरला तिच्यात जेमतेम १ मिलिबार पडतो. पण व्यास पाव मिलिमीटर घेतला की सोळापट, म्हणजे १७ मिलिबार, जवळजवळ चिपइतकाच! सेन्सर पंपापाशी बसवलात तर नळी आणि चिप दोन्ही एकत्र मोजाल. सेन्सर चिपच्या तोंडाशी हवा, आणि बाहेर जाणारी नळी जाड व आखूड हवी. बारीक नळीमुळे जागा वाचते हा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो मोठ्या दाबाच्या कामात ठीक आहे, आमच्यासारख्या कामात नाही.

फुग्यांबद्दल तर किती सांगू. ट्रान्सड्यूसरच्या कोपऱ्यात हवेचा थेंब राहिला की तो स्प्रिंगसारखा दबतो आणि फुलतो. १०० मायक्रोलिटरचा फुगा, वर सांगितलेली चिप, तर दाब स्थिर व्हायला लागणारा काळ साधारण ११ सेकंदांच्या पटीत जातो. प्रवाह बदलल्यावर पाऊण-एक मिनिट आकडा सरकतच राहतो आणि आपण उगाच चिपला दोष देतो. १० मायक्रोलिटरच्या फुग्याला हाच काळ एक सेकंद. म्हणून भरताना पाणी आधी उकळून गार केलेलं किंवा व्हॅक्यूममध्ये हवा काढलेलं घ्यायचं, तोटी वरच्या बाजूला धरायची, रबरी शेपटी ओढून फ्लशचा मार्ग मोकळा करायचा आणि नखाने टिचक्या मारत भरायचं. बॉडी पारदर्शक असल्यामुळे शेवटचा फुगा निघताना दिसतो. कित्येक महागड्या सेन्सरांची बॉडी अपारदर्शक असते, तिथे हे समाधान नाही. सोबत येणारी कडक नळीही जपून ठेवा. ती मुद्दाम कडक केलेली असते, म्हणजे दाबाची लाट नळी फुगण्यात विरून जात नाही. मऊ सिलिकॉन नळी लावून हा फायदा घालवू नका.

हे सगळं जुळलं की आलेख वाचायला मजा येते. आमच्या नवीन मुलांना मी पहिला आठवडा फक्त आलेख बघायला बसवते. दाब तासातासाने हळूहळू चढतोय म्हणजे भिंतींवर काहीतरी बसतंय, बहुधा प्रथिनं. एकदम पायरीसारखा वर गेला म्हणजे कचऱ्याचा कण तोंडाशी येऊन बसला. वर जाऊन झटक्यात शून्याकडे कोसळला की नळी सुटली, टेबलाखाली बघा. बारीक, ठरावीक अंतराची लाट दिसली तर ती पंपाच्या स्टेपर मोटरची. मोठी सिरिंज काढून लहान बसवली की ती विरते, कारण तेवढ्याच प्रवाहाला दट्ट्या जास्त सरकतो आणि पावलं जवळजवळ पडतात. अनियमित कडक दातेरी रेघ म्हणजे दट्ट्याचं रबर अडकतंय, सिरिंज बदला. दाब २५० मिलिमीटरच्या वर गेला की पंपाला सिरियल पोर्टवरून थांबायची आज्ञा जाते. हे चार ओळींचं कोड लिहिल्यापासून रात्री चालू ठेवलेले प्रयोग सकाळी शाबूत सापडतात.

बडोद्याच्या उन्हाळ्याचा एक मुद्दा. पाण्याची चिकटता २५ अंशांना ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते, ३५ ला ०.७२. एसी बंद झाला, खोली दहा अंशांनी तापली, की तोच प्रवाह आणि तीच चिप, तरी दाब एकोणीस टक्क्यांनी उतरतो. मे महिन्यात वीज गेल्यावर असा उतार दिसला की लगेच गळती शोधत बसू नका. आम्ही चिपशेजारी एक साधा तापमान सेन्सर लावला आहे आणि दोन्ही रेघा एकाच आलेखावर काढतो. पावसाळ्यात मागच्या बाजूचं कनेक्टर कोरडं राहील ह्याची काळजी घ्या. हा सेन्सर बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजतो आणि त्याला ती हवा मागूनच मिळते. तिथे पाणी गेलं की झिरो भटकायला लागतो.

आता जिथे हा चालत नाही ते. सेंद्रिय द्रावक ह्यात घालू नका, जेलही जाईल आणि प्लास्टिकही तडकेल. सिलिकॉन तेल तर मुळीच नाही, ते जेलमध्ये मुरतं. थेंब करायच्या कामात आम्ही खनिज तेल वापरतो. त्या लायनीवर मी हॉस्पिटलचा सेन्सर लावत नाही. तिथे मकरपुऱ्यातच मिळणारा स्टीलच्या पडद्याचा, शून्य ते १ बारचा, ४ ते २० मिलिॲम्पिअरचा औद्योगिक ट्रान्समीटर बसवला आहे. २५० ओहमचा रेझिस्टर लावला की १ ते ५ व्होल्ट मिळतात. दणकट आहे, तेलाला दाद देत नाही, पण त्याचा पाव इंची आटा आणि आतली पोकळी चिपच्या मानाने अवाढव्य. ती तेलाने पूर्ण भरून हवा काढणं हे कष्टाचं काम, आणि कमी दाबाला अचूकता बेतास बात. १९ मिलिबार मोजायला तो घेऊ नये, २०० च्या पुढे उत्तम. हनीवेलच्या २६पीसी मालिकेत आरपार वाहणारं मॉडेलही येतं, १ पासून २५० पीएसआयपर्यंतच्या (पौंड दर चौरस इंचाच्या) कक्षांत. मिलिव्होल्टच देतं, त्यामुळे आमच्याच मॉड्यूलवर चालेल, मात्र ॲम्प्लिफायरची कक्षा आधी तपासावी लागेल, कारण १५ पीएसआयच्या नगाचं पूर्ण आउटपुट १० व्होल्टला १०० मिलिव्होल्ट आहे. नमुने बदलायच्या लायनीसाठी मी पुढची खरेदी त्याचीच करणार आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एकदम तीन ट्रान्सड्यूसर घ्यावेत : एक चिपच्या आधी, एक नंतर, एक कपाटात. आधीचा वजा नंतरचा केला की बाहेरच्या नळीचा आणि बाटलीच्या उंचीचा हिशेब आपोआप गळून जातो. काम झालं की आत बफर वाळू देऊ नका, मिठाचे खडे तोटीत बसतात. शुद्ध पाण्याने धुवायचं, हवेने फुंकून कोरडं करायचं, तोटी अर्धवट फिरवून ठेवायची. दुकानात जाताना जुन्या नगाचा कनेक्टर सोबत न्या, काका तो बघून बरोबर जुळणारं पाकीट काढून देतात.